आज लेकराला न्हाई आणलं?

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही शहर सरळ पाहिलं नाही. माणसं हैदराबादला जातात ती चारमिनार बघायला, औरंगाबादला जातात ती मकबरा बघायला. साडूभाऊ कुठल्याही गावी उतरले की रिक्षावाल्याला पहिला प्रश्न विचारत, "क्रिकेटचं मैदान कुठंशी हाय?" रिक्षावाला सांगे, आज तर मॅच नाही. साडूभाऊ म्हणत, "म्हणूनच जायलोत." मैदान झालं की खाण्याचं ठिकाण, आणि त्यातूनही वेळ उरला तर, ज्याच्यासाठी बाकीचं जग तिथं येतं ती वस्तू. मी कुरकुर केली की समजावत, "पाव्हणे, चारमिनार कुठं पळून जायलाय? इतकी वर्षं उभा हाय, आपल्यासाठी अजून घडीभर उभा ऱ्हाईल. भजे मात्र गार झाले की गेले."

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. परभणीत जमीन मोजणीच्या कचेरीत होते, पण गावात त्यांना ओळखत ते अंपायर म्हणून. त्यांचा पांढरा कोट घरच्या जुन्या पलंगपोसातून शिवलेला होता, आणि शिंप्यानं काटकसर म्हणा की हौस म्हणा, पलंगपोसावरचं एक गुलाबी फूल बरोबर पाठीवर आणून ठेवलं होतं. निर्णय द्यायला त्यांना फार वेळ लागे. गोलंदाज ओरडून ओरडून दमून खाली बसला तरी हे आपले आभाळाकडं बघत विचार करतायत. एकदा तर सामना संपून दुसरा दिवस उजाडल्यावर एका फलंदाजाच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "बाबू, काल तू आउट नव्हतास. लय इचार केला मी. चुकलं माझं." तो बिचारा दात घासत होता. तोंडातला फेस सावरत म्हणाला, "मग आता काय करू?" "काही नको करू. फक्त ध्यानात ठेव, की तू आउट नव्हतास." आणि चहा न घेता परत आले. हे मुद्दाम सांगतोय, कारण खोटं बोलणं या माणसाच्या हाडात नव्हतं. पुढं जे सांगणार आहे त्याला त्यांच्या या स्वभावाशिवाय माझ्याकडं दुसरा पुरावा नाही.

नामांतराची ती वर्षं होती. कधी मोर्चा, कधी बंद, कधी संचारबंदी. एसटी निघाली म्हणजे पोचेलच असं कुणी छातीठोक सांगत नसे. म्हणून आम्ही रेल्वेनं जायचो. मीटरगेजची गाडी, खिडकीतून येणारा कोळसा, आणि साडूभाऊंच्या मांडीवर धपाट्यांचं गाठोडं. पिंगळीचं स्टेशन गेलं की गाठोडं सुटे आणि शहर यायच्या आत धपाटे संपलेच पाहिजेत असा त्यांचा दंडक असे. "परक्या गावात घरचं खाणं म्हणजे त्या गावाचा अपमान," असं म्हणत ते शेवटचा धपाटा माझ्या हातात कोंबत. मग मैदान. राखणदाराशी सलाम-दुआ, विड्याची देवाणघेवाण, आणि फाटकाचं कुलूप निघे. साडूभाऊ आधी खेळपट्टीपासून सीमेपर्यंत चालत जात, मोजणी खात्याच्या सवयीनं पावलं टाकत, आणि मान हलवत. मैदान त्यांना नेहमीच सरकारी आकड्यापेक्षा थोडं मोठं वाटे. मग वरच्या पायरीवर जाऊन बसत. बसत म्हणजे बसतच. ऊन सरके, कावळे येऊन जात, ते रिकाम्या हिरवळीकडं डोळे लावून गप्प. एकदा न राहवून विचारलं, "कुणाची वाट बघायलाव का?"

"छे," ते म्हणाले. "पण भरल्या मैदानात माणसंच दिसतात हो. रिकाम्यात कोण कोण असतं ते कळतं."

मी त्याला त्यांच्या विक्षिप्तपणाचा आणखी एक मासला समजलो आणि शेंगा खात राहिलो.

पहिला प्रकार नांदेडात झाला. एका मैदानावर म्हातारा माळी पाईपनं पाणी मारत होता. आम्हाला बघताच त्यानं पाईप खाली ठेवला, हात पुसले आणि साडूभाऊंना म्हणाला, "या, या. आज लेकराला न्हाई आणलं व्हय, साहेब?"

साडूभाऊंनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. "मला म्हनायलाव का?"

"मंग कुणाला? गेल्या खेपेला तिनं माझ्या पायपाचा फवारा करून इंद्रधनुष्य काढलं न्हवं? समदं अंग भिजवून घेतलं. सर्दी तर न्हाई ना झाली?"

"आमी इथं पयल्यांदाच आलोत," साडूभाऊ म्हणाले.

माळी मोठ्यानं हसला. "साहेब थट्टा लय करतेत," असं मला सांगून त्यानं पाईप पुन्हा उचलला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. साडूभाऊंना एक मुलगी होती. छबू. माझं लग्न व्हायच्या आधीच, जेमतेम पाच वर्षांची असताना, तापाचं निमित्त होऊन गेली. मी तिला कधी पाहिलं नाही. त्यांच्या बैठकीत तिचा हार घातलेला फोटो होता, उजव्या भुवईवर खोक पडल्याची पांढरी रेघ, आणि फोटोवाल्यावर रागावल्यासारखे डोळे. तिचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. अक्का तर ती गेल्यापासून परभणीची वेस ओलांडून गेल्या नव्हत्या. पोखर्णीच्या नरसिंहाला शेजारणी बोलवायच्या, तरी "तुमीच या जाऊन, माझाबी नमस्कार सांगा," म्हणून दार लावून घ्यायच्या. नांदेडहून परतलो तेव्हा गाडीतून उतरताना साडूभाऊ म्हणाले, "माळी म्हातारा झालाय. नजर गेली असल." मीही म्हणालो, गेली असेल.

पुढच्या वर्षी औरंगाबादला गेलो. विद्यापीठाच्या नावावरून शहर तापलेलं, दुकानांची शटरं अर्धी खाली, चौकाचौकात पोलीस. पाणचक्कीवर एरवी सहलीच्या पोरांचा कलकलाट असतो, त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. नुसता पाण्याचा आवाज. हौदाच्या काठाशी एक बाई माशांसाठी लाह्या विकत बसली होती. तिनं साडूभाऊंना पाहिलं आणि आम्ही काही बोलायच्या आत पुडा बांधायला घेतला.

"घ्या. आज एकटेच? पोरगी रुसली का काय?"

या वेळी साडूभाऊ तिच्यासमोर खालीच बसले. "बाई, कोणती पोरगी? नीट सांगा."

"आत्ता! बापाला लेकीची खूण म्या सांगू?" बाई म्हणाली. पण त्यांचा चेहरा बघून तिचं हसू ओसरलं. "तीच की हो, भुवईवर टाका घातल्यावानी हाय ती. लय बोलकी. समद्या माशांना तिनं नावं ठेवलीत. पण आता म्होरले दात पडलेत म्हनून हसली की तोंडावर हात धरती."

छबू गेली तेव्हा तिचे दुधाचे दात शाबूत होते. ते पडण्याचं वय आत्ता कुठं आलं असतं. हा हिशेब माझ्या आणि साडूभाऊंच्या मनात एकदमच झाला असणार, कारण त्यांनी माझा दंड घट्ट धरला. हौदातले मासे काठाशी गोळा होऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. साडूभाऊंनी सगळ्या लाह्या पाण्यात टाकल्या आणि बराच वेळ तिथं वाकून बघत राहिले, जणू त्यातल्या एखाद्याला त्याचं नाव विचारायचं होतं.

त्या दिवसापासून माणूस बदलला. आधी ते हौसेनं फिरत, आता शोधत फिरू लागले. रजा संपल्या, मग बिनपगारी झाल्या. अंपायरचा कोट खुंटीवरच राहिला आणि पोरं नियम माहीत नसलेल्या कुणालाही उभं करून खेळू लागली. सोलापूर, अकोला, नागपूर. परत आले की माझ्याकडं येत आणि ओसरीवर बसून हळू आवाजात सांगत. पण सांगण्याची तऱ्हा तीच जुनी. "सोलापुरात शेंगाची चटणी एक नंबर. मैदान जरा उतरतं हाय दक्षिणेला. अन् हॉटेलवाला म्हनला, आता ती दोन वेण्या घालती." नागपूरहून आले तर म्हणाले, "सावजीचं जेवण जबर, डोळ्यातून पाणी काढतं. तिनं पण काढलं म्हणे, पण ताट पुसून उठली." दर खेपेला ती तितकीच मोठी झालेली असे जितकी व्हायला हवी होती. आणि दर खेपेला तिच्यासोबत एकच माणूस असे. हुबेहूब साडूभाऊंसारखा, तसंच धोतर, तसाच कचेरीतला कोट, मैदानावर पावलं टाकून मोजणारा. साडूभाऊ पोचायच्या थोडं आधी तो येऊन गेलेला असे.

मी समजूत घातली. एकासारखी एक सात माणसं असतात म्हणालो. हैदराबादेकडच्या 'परसों'चं उदाहरण दिलं. तिथं 'परसों' म्हणजे परवा पण आणि निजामाच्या लग्नाच्या वेळेलाही, तेव्हा लोकांच्या आठवणींवर किती विसंबायचं? ते ऐकून घेत आणि म्हणत, "पाव्हणे, मी अंपायर हाय. दोन्हीकडचं ऐकायची सवय हाय मला. पण एवढी माणसं एकदम अपील करायलीत, तर आभाळाकडं तरी बघावं का न्हाई?"

गावानं मात्र आभाळाकडं न बघताच निकाल दिला. साडूभाऊंना तिकडं बाई आहे, दुसरा संसार आहे, आणि एक मुलगीही आहे. कुणीतरी नागपुरात हॉटेलात ऐकलं होतं म्हणे, वेटरनं यांना मुलीबद्दल विचारलेलं. बातमी अक्कांपर्यंत गेली. अक्का भांडल्या नाहीत. त्यांनी साडूभाऊंचं ताट वाढायचं आणि उठून आत जायचं असा क्रम धरला. शेवटी माझ्या बायकोनं मला पुढं घातलं. "तुमी त्यांच्यासंगं फिरताव. खरं काय ते अक्काला सांगा, न्हाईतर मी समजेन तुमीपण त्यातलेच." मी अक्कांसमोर जाऊन बसलो आणि नांदेडच्या माळ्यापासून सगळं सांगून टाकलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की बाई ठेवल्याची गोष्ट यापेक्षा कितीतरी शोभून दिसली असती.

अक्का शांतपणे ऐकत होत्या. भुवईवरच्या रेघेचं बोललो तेव्हा फक्त हातातलं सूप खाली ठेवलं. "आता कुठं जाणार हायेत ते?" त्यांनी विचारलं.

"हैदराबादला."

"मीबी येते," अक्का म्हणाल्या. "खोटं निघालं तर तिथूनच माहेरी जाईन."

आम्ही तिघं गेलो. गाडीत अक्का खिडकीशी पदर ओढून बसल्या होत्या. साडूभाऊंनी धपाट्यांचं गाठोडं सोडलं नाही, मी मागितले नाहीत. हैदराबादला उतरल्यावर रिक्षावाल्याला मैदान विचारायचाही त्यांना धीर झाला नाही, मीच विचारलं. मैदानाचं फाटक बंद होतं, आत कसलीतरी डागडुजी चालली होती. मग साडूभाऊंनी पलीकडच्या एका इराणी हॉटेलाकडं बोट केलं. संगमरवरी टेबलं, भिंतीवर मोठाले आरसे, दुपारची वेळ असल्यामुळं गिऱ्हाईक तुरळक. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी गेलो. टेबल अजून आवरलेलं नव्हतं. दोन कप होते. मी एक कप बाजूला सारायला हात लावला. तो गरम होता.

पांढऱ्या दाढीचा वेटर लगबगीनं आला, साडूभाऊंना बघून थबकला. "क्या साब? अभी तो बच्ची को लेके निकले, बाग की तरफ. इत्ते में वापस आ गये?" मग त्याची नजर अक्कांकडं गेली आणि त्याचा चेहरा उजळला. त्यानं कपाळाला हात लावला. "अरे, अम्मी आये क्या आज! अच्छा हुआ. बच्ची हमेशा बोलती थी, अम्मी घर के बाहर नै निकलते."

समोरच्या आरशात आम्ही तिघं दिसत होतो आणि मला त्या आरशात फार वेळ बघवेना. साडूभाऊंनी डोळे मिटून घेतले होते. आता अक्का ओरडतील, उठून चालू लागतील, किंवा त्या म्हाताऱ्याला पढवून ठेवल्याचा आळ घेतील, अशी मी वाट बघत होतो. अक्का टेबलावरच्या बशीकडं बघत होत्या. बशीत एक बिस्किट होतं. त्याची गोल कड सगळीकडून कुरतडून खाल्लेली, आणि मधला भाग तसाच ठेवलेला.

"छबू भाकरीचे काठ आधी खायची," अक्का म्हणाल्या. कुणाला म्हणून नव्हे. "मधलं मऊ मागं ठेवायची. मी रागवायची."

हे साडूभाऊंनाही माहीत नव्हतं. बाप कचेरीत असायचा, जेवण आईपाशी व्हायचं.

मग अक्कांनी त्या वेटरकडं तोंड केलं, आणि उभ्या जन्मात परभणीबाहेर न बोललेली आपली मोडकी हिंदी जुळवत विचारलं, "वो... बराबर जेवती क्या?"

"जी, आहिस्ता खाती. पर खाती."

"अन् वेण्या? वेण्या कौन घालता उसको?"

म्हातारा खळखळून हसला आणि साडूभाऊंकडं हात केला. "साबइच डालते. एक उप्पर, एक नीचे. मैं बोलता, साब, सीधी डालो. नै आती उनको."

अक्कांनी साडूभाऊंच्या हातांकडं पाहिलं. जमीन मोजायच्या साखळ्या ओढून राठ झालेले ते हात टेबलावर होते. आणि अक्का हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून वाहू लागले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

साडूभाऊ ताडकन उठले. "बाग कोणत्या अंगाला हाय?" खुर्ची मागं पडली. अक्कांनी त्यांची बाही धरली.

"बसा."

"अगं, आत्ताच गेलेत. पळत गेलो तर..."

"पळत गेलाव तर त्यायला तिथून उठावं लागल," अक्का म्हणाल्या. "कधी एका जागी तुमी अन् तो, दोघं दिसलाव का? तुमी पोचलाव की ते निघतेत. बसू द्या की लेकराला बागेत जरा वेळ."

साडूभाऊ दारापर्यंत गेले. तिथं उंबऱ्यावर उभे राहिले. बाहेर रस्त्यावर सायकली, रिक्षा, बुरख्यातल्या बाया, फुगेवाला. पलीकडं झाडांचे शेंडे दिसत होते. इतका वेळ लावून दिलेला निर्णय मी त्यांच्या अंपायरकीतही पाहिला नव्हता. मग ते परत फिरले, पडलेली खुर्ची उचलली आणि अक्कांच्या शेजारी बसले. आम्ही चहा घेतला. अक्कांनी ती बशी वेटरला नेऊ दिली नाही. आम्ही उठून निघालो तेव्हाही ती टेबलावरच होती.

त्यानंतर गावात जे बोललं जायचं ते चालूच राहिलं, पण अक्कांच्या घरात त्याला थारा उरला नाही. साडूभाऊ पुन्हा मैदानावर उभे राहू लागले. वर्षातून एकदा दोघं मिळून फिरायला जात, चारठाण्याची देवळंसुद्धा पाहून आले, अक्का शेजारणीपाशी शहरांच्या गोष्टी सांगू लागल्या. गंमत म्हणजे दोघं एकत्र गेले की लेकीबद्दल फार काही ऐकू येत नसे. पण गेल्यावर अक्का आठवणीनं एका ठिकाणी थोड्या जास्त वेळ बसत आणि मग म्हणत, "चला. त्यांना जागा करून द्या."

अशी दहा-बारा वर्षं गेली आणि साडूभाऊ गेले, ते अगदी साधेपणानं. थंडीचे दिवस होते, सामना चालू होता, चहापानाला म्हणून झाडाखाली बसले आणि उठले नाहीत. पोरांनी त्यांना त्याच कोटात घरी आणलं.

त्याच्या पुढच्या वर्षी कामासाठी मी एकटाच हैदराबादला गेलो. जायचं नाही असं ठरवूनसुद्धा पाय त्या हॉटेलाकडं वळले. म्हातारा वेटर आणखी वाकला होता, पण त्यानं मला ओळखलं. आत्ता हा साडूभाऊंची चौकशी करणार आणि मला सांगावं लागणार, म्हणून मी वाक्य जुळवत होतो. तर तोच टेबल पुसत म्हणाला, "साब परसों आये थे. बहुत खुश थे. बच्ची की शादी पक्की हुई बोले." मी 'परसों' म्हणजे कधी ते विचारलं नाही. चहा अर्धा टाकून बाहेर आलो.

परभणीला आल्यावर अक्कांना हे सांगावं की नाही, या विचारात बरेच दिवस घालवले. शेवटी एका दुपारी गेलो. त्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी ऐकलं तसं सांगितलं. त्यांचे हात थांबले. मग मान वर करून, एखाद्या निष्काळजी पोराला रागवावं तशा मला म्हणाल्या, "एवढ्या लांब गेलाव, अन् मुलगा काय करतो तेवढं इचारलं न्हाई?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"अन् तिथी कधीची?"

मला तेही माहीत नव्हतं. अक्कांनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. खडा सापडला, तो बाजूला ठेवला. थोड्या वेळानं, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे, हलकेच म्हणाल्या, "उन्हाळ्यातली नसावी म्हंजे झालं. पोरीला ऊन सोसत न्हाई."